पीएच.डी.नंतरची पत

मुलीच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागले की घरात पेढे वाटले जातात. काही महिन्यांनी तीच मुलगी पुन्हा विद्यापीठांना पत्रे लिहिताना दिसली, की वडीलधारे विचारतात, “अजून किती शिकणार?” प्रश्न मायेचा असतो, पण त्यामागे गैरसमज असतो. पोस्टडॉक्टरल संशोधन हे शिक्षण नव्हे. ते ठरावीक मुदतीचे, वेतन किंवा पाठ्यवृत्ती देणारे काम होय.

ही जागा मिळते कशी, हे व्यापारी घराला समजणे कठीण नाही. बाजारात पत पाहून माल उधार मिळतो. संशोधनातही पतच पाहिली जाते. प्रसिद्ध झालेले शोधनिबंध ही तिची खातेवही, तर मार्गदर्शकांची शिफारसपत्रे ही तिची साक्ष. काही जागांच्या जाहिराती निघतात. परंतु जर्मनीतील हुम्बोल्ट प्रतिष्ठानची, युरोपीय संघाची मारी क्युरी यांच्या नावाची किंवा भारतातील राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल पाठ्यवृत्ती हवी असेल, तर आधी यजमान संशोधकाची संमती मिळवावी लागते. म्हणून एकच मजकूर शंभर जणांना धाडणे व्यर्थ ठरते. मोजक्या प्राध्यापकांचे अलीकडचे निबंध वाचून, त्यांच्या कामाशी जुळणारा स्वतःचा एक प्रश्न मांडणारे पानभर पत्र अधिक उपयोगी पडते. हा शोध प्रबंध पूर्ण होण्याच्या वर्षभर आधी सुरू झालेला बरा.

जीवशास्त्र वा औषधशास्त्रातील जैन तरुणांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. त्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर प्रयोग होतात काय? हे रुजू झाल्यावर नव्हे, मुलाखतीतच स्पष्टपणे विचारावे. पेशीसंवर्धनातही अनेकदा वासराच्या भ्रूणाचे सीरम वापरले जाते, हेही ठाऊक असावे. संगणकीय जीवशास्त्र वा वनस्पतिशास्त्र असे पर्याय आहेत. प्रामाणिकपणे सांगितलेली मर्यादा उमेदवाराची पत घटवीत नाही. लपविलेली मात्र पुढे दोघांनाही अडचणीत आणते.

उदयपूरचे दौलतसिंह कोठारी यांनी केंब्रिजमध्ये रदरफोर्ड यांच्या हाताखाली संशोधन केले. 1961 ते 1973 या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आधुनिक भौतिकीतील पूरकता तत्त्वाचा स्याद्वादाशी असलेला संबंधही त्यांनी उलगडून दाखविला. आयोगाने पुढे त्यांच्याच नावाने पोस्टडॉक्टरल पाठ्यवृत्ती सुरू केली. विज्ञान आणि धर्मचिंतन एकाच आयुष्यात नांदू शकतात, याचे हे उदाहरण.

या वाटेवर जोखीम आहे, हे लपवू नये. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते आणि पुढे कायमच्या प्राध्यापकपदाची हमी नसते. पण नवी पेढी घालणाऱ्या मुलाकडे पहिल्याच दिवाळीला कोणी नफ्याचा हिशेब मागत नाही. घर त्याला काही वर्षांची मुदत देते. संशोधन करणाऱ्या मुलीलाही तेवढीच मुदत मिळावी, आणि त्या काळात “लग्न केव्हा?” हा प्रश्न रोजच्या ताटाबरोबर वाढला जाऊ नये.