काळ्या रानाला काळ्याच दगडाचा भुगा?

सध्या ग्रुपवर दगडाच्या भुकटीचं फार चाललंय. बेसॉल्टची पूड टाका, सगळी खनिजं मिळतील, जमीन जिवंत होईल, खताची पोती बंद करा म्हणे. पोतं मात्र खताच्याच भावात!

अहो, आपलं काळं रान म्हणजे काय? हाच बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा झिजून ही माती झाली. खाली मुरूम तोच, विहिरीतून काढून बांधावर टाकलेला ढीगही तोच. जे रानात पुरुषभर पडलंय, तेच दळून आपल्याला विकायचं.

कमी आहे ती दगडाची नाही. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं, तरी चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतोच. का? सामू ८ च्या वर गेला की लोह जमिनीत असूनही मुळाला मिळत नाही. तिथं आणखी दगड टाकून काय होणार? शेणखत लागतं, हिरवळीचं खत लागतं, पाचट जाळणं थांबवावं लागतं. नत्र तर दगडातून मिळणारच नाही.

ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात. जरूर द्या, पण पूर्ण द्या. तिथं २०१३ साली दगडाच्या भुकटीला कायद्यात जागा मिळाली आणि २०१६ साली नियम आले. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश यांची ऑक्साइडं मिळून किमान ९ टक्के, त्यात पालाश किमान १ टक्का हवाच. शिवाय आर्सेनिक, कॅडमियम, पारा, शिसं यांना मर्यादा. आपल्याकडचा बराचसा बेसॉल्ट पालाशच्या अटीतच नापास होईल. आणि तिथली बरीच जमीन लाल, धुपलेली, आम्लधर्मी. आपली तशी आहे का?

कोकणात आहे, हे मान्य. जांभ्याची जमीन, धो धो पाऊस, चुना-मॅग्नेशियम वाहून गेलेलं. तिथं भुकटीला खरंच वाव आहे. जंगलाचंही तसंच. अमेरिकेत हबर्ड ब्रुकच्या जंगलात आम्लपावसानं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. १९९९ साली हेलिकॉप्टरनं कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या आणि मेपलची झाडं सुधारली. जे कमी होतं तेच दिलं. आपल्याकडे माती परीक्षणाचा कागद न बघताच पोती उतरतात.

आता कार्बन क्रेडिटवाले. दगड झिजताना हवेतला कार्बन पकडतो, हे खरं. पण एक टन बेसॉल्टमागे फार तर तीनशे किलोच्या आसपास, तोही बऱ्याच वर्षांत, आणि त्यातून दळणाचा, ट्रकचा खर्च वजा. कुणी फुकट पसरून देत असेल तर एवढंच विचारा: क्रेडिटचे पैसे कुणाचे? करार मराठीत आहे का? किती वर्षं बांधून घेताय?

तरी कुणाला करायचंच असेल तर क्रशरची जाडी कच नको, पिठासारखी बारीक हवी. तपासणी अहवाल मागा. पसरताना नाकातोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीत जाते. दहा गुंठ्यांत टाका, शेजारचे दहा गुंठे तसेच ठेवा, शेणखत-पाणी दोन्हीकडे सारखं. आणि हिरव्यागार पानांचे फोटो नकोत, दोन्हीकडचं काट्यावरचं वजन इथं टाका.