यंत्र घेण्याआधी पाण्याचा वेग मोजा

वाहत्या पाण्यात सोडून वीज तयार करणारी छोटी यंत्रे आता बाजारात मिळू लागली आहेत. धरण नको, डिझेल नको, पाणी वाहते आहे ना, मग वीज फुकट, असे विक्रेते सांगतात. पुण्याच्या मंडईत माल विकणाऱ्या आणि हडपसर, लोणी, यवतकडे मुठा कालव्याच्या काठी शेत असणाऱ्या माणसाला हे बोलणे गोड वाटणारच. आमचे म्हणणे एवढेच, की या व्यवहारात यंत्र दुय्यम आहे, जागा मुख्य आहे. जागा चुकली तर उत्तम यंत्रही भंगाराच्या भावाने जाईल.

याचे कारण साधे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. पाते फिरते तो भाग १ चौरस मीटरचा आहे आणि पाण्यातील शक्तीपैकी ३० टक्के हाती लागते, असे धरू. वेग सेकंदाला २ मीटर असेल तर सुमारे १२०० वॉट मिळतील. वेग १ मीटर असेल तर १५० वॉट, आणि अर्धा मीटर असेल तर अवघे १९ वॉट. म्हणून विक्रेता "एक किलोवॉटचे यंत्र" म्हणाला, की पहिला प्रश्न विचारावा : किती वेगाला? ते २ मीटर वेगाला किलोवॉट देणारे असेल, तर १ मीटर वेगाला त्याच्याकडून सव्वाशे वॉटच मिळतील. वजन न करता मंडईत कोणी भाव ठरवत नाही. इथेही तोच नियम लावावा.

वेग मोजायला इंजिनिअर लागत नाही. मंडईतले एक संत्रे पुरे. ते बहुतेक पाण्याखाली राहून तरंगते, त्यामुळे वाऱ्याने ढकलले जात नाही. सरळ पात्राच्या काठी २० मीटर अंतर आखावे, संत्रे मधोमध सोडावे आणि घड्याळ लावावे. असे पाच वेळा करून सरासरी काढावी. वरचे पाणी खालच्यापेक्षा जलद असते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे. समजा, २० मीटरला २५ सेकंद लागले. वरचा वेग ०.८ मीटर, सरासरी ०.६८. म्हणजे सुमारे ४७ वॉट. जुन्या पद्धतीचा छताचा एक पंखाही त्यावर नीट फिरणार नाही. मातीच्या कालव्यात काठ धुपू नयेत म्हणून वेग बहुधा मीटरच्या आतच ठेवलेला असतो, हे ध्यानात घ्यावे. अस्तर केलेला, अरुंद आणि सरळ भाग त्यातल्या त्यात बरा. वळण टाळावे आणि पाते तळाला न लागता पूर्ण बुडेल एवढी खोली पाहावी.

दुसरा प्रश्न दिवसांचा. कालव्याला पाणी आवर्तनाने सुटते. १५० वॉटचे यंत्र दिवसरात्र चालले तर रोज ३.६ युनिट देते. पाणी १२० दिवस असेल तर वर्षाला ४३२ युनिट. एक किलोवॉटचे सौर पॅनल महाराष्ट्रात रोज सरासरी चारेक युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १४०० युनिट देते. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. मंडईपासून जवळ असलेल्या मुठा नदीची गोष्ट तर याहून कठीण. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, आणि पावसाळा सरला की शहरात बारीक, घाण धार उरते. जे यंत्र पुरात टिकेल ते उन्हाळ्यात कोरडे पडेल.

तिसरा प्रश्न कचऱ्याचा. निर्माल्य, पिशव्या, जलपर्णी पात्याला गुंडाळतात. जाळी लावली तर ती रोज साफ करणारा माणूस हवा, आणि तुंबलेली जाळी वेगही मारते.

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. कालवा आपल्या मालकीचा नाही. तो पाटबंधारे खात्याचा, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाचा आहे. पात्रात अडथळा आला की वरच्या अंगाला पाणी चढते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ याच कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पूल परिसरातील गरिबांच्या घरांत पाणी शिरले. कारण काहीही असो, कालव्याच्या काठाला किती लोकवस्ती आहे हे त्या दिवशी दिसले. चार दिव्यांसाठी परवानगीवाचून पात्रात लोखंड रोवणे म्हणजे शेजाऱ्याच्या घराशी खेळणे होय. शिवाय खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी नेण्याची योजना सरकारने जाहीर केली आहे. ती पुरी झाली तर शहरातील आजची जागा उद्या राहणारही नाही.

याचा अर्थ हे तंत्र खोटे आहे असा नव्हे. वेग दीड-दोन मीटर, पाणी बाराही महिने, खोली पुरेशी, केबल जवळची आणि हातात लेखी परवानगी, अशी जागा मिळाली तर ते जरूर करावे. डोंगराळ भागात आणि वीजगृहाखालच्या पाण्यात अशा जागा शोधता येतील. व्यापारी बंधूंना आमची विनंती एवढीच, की आधी वर्षभर दर महिन्याला वेग मोजून वहीत नोंद करा. वही भरल्यावर विक्रेत्याला बोलवा, आणि अमुक वेगाला अमुक वॉट हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याचा माल घेऊ नका.