छातीची वेठ

गोदीतली रात्रपाळी करून खोलीवर आलो की आधी नाक शिंकरतो. रुमाल काळा. बोट धक्क्याला लागली की इंजिन थंड झालं, असं बाहेरच्याला वाटतं. खोटं! मोठं इंजिन थांबतं. दिवे, पंप, गार कंटेनर यांच्यासाठी लहान इंजिनं चालूच. वर धुराडं ओकतंय, खाली आम्ही माल उचलतोय.

हेच धुराडं आता डहाणूच्या किनाऱ्यावर येतंय. 76,200 कोटींचं वाढवण बंदर! 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. 1998 साली डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं इथल्या बंदराला नकार दिला होता. 2023 साली त्याच प्राधिकरणानं होकार दिला. किनारा तोच, माणसं तीच.

आता हिशेब ऐका. 2020 पासून आपल्या ट्रकच्या डिझेलात गंधक दहा लाखांत 10 भाग. त्याच वर्षापासून बोटीच्या तेलाला जगभर मुभा 0.50 टक्के, म्हणजे दहा लाखांत 5,000. पाचशेपट! त्या धुराचे बारीक कण होतात आणि छातीत खोल उतरतात. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला, युरोपच्या बाल्टिक नि उत्तर समुद्रात मात्र मर्यादा 0.10. त्यांच्या छातीला एक माप, आमच्या छातीला दुसरं. चातुर्वर्ण्य समुद्रातही घुसलंय.

दुपारचा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. जाड धूर आधी वाढवण-वरोरच्या मच्छीमारांच्या माथी. झरी लांब आहे म्हणून सुटली काय? गुजरातकडचे ट्रक तलासरीवरूनच जाणार.

याच झरीत 23 मे 1945 ला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही अशी शपथ घेऊन उठले. बोटमालकाचं तेल स्वस्त पडावं म्हणून आपण छाती फुकट द्यायची, ही वेठच की!

कुणी म्हणेल, नोकऱ्या येतील. मी गोदीचंच खातो भाई, मला पगार कळतो. खोकलाही कळतो.

लढलं की धुराडंसुद्धा धुतलं जातं. 1999 साली डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातलं गंधक काढायचं यंत्र बसवण्याचा हुकूम झाला. 2007 मध्ये ते चालू झालं.

'बंदर नको' म्हणणाऱ्या मच्छीमारांच्या बाजूला आम्ही उभे आहोत. आणि सरकार रेटणारच असेल, तर पहिल्या बोटीपासून धक्क्यावरून वीज द्या. तेलाला 0.10 ची मर्यादा लावा. डहाणू-तलासरीच्या गावांत हवा मोजा आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

वेठ संपवणाऱ्यांची नातवंडं फुकट खोकणार नाहीत!