तात्पर्य नसलेल्या गोष्टी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र का पाहू नये, हे पेणच्या मुलाला शिकवावे लागत नाही. मोदकांनी तृप्त झालेले गणराय उंदरावरून घसरले, आकाशातला चंद्र खदखदून हसला आणि शाप घेऊन बसला, ही गोष्ट तो चालता-बोलता होण्याच्या वयातच ऐकतो. हमरापूर-जोह्याच्या कार्यशाळांत तर हत्तीचे मस्तक आणि पायाशी बसलेला उंदीर हे त्याचे वर्षभराचे सोबती असतात. या एका कथेत प्राणी आहे, चमत्कार आहे आणि निखळ विनोदही आहे. आपल्या आराध्यदैवताची फजिती इतक्या प्रेमाने सांगणारा समाज हसण्याला भिणारा खचितच नव्हे. मग मुलांच्या हाती पुस्तक देण्याची वेळ आली की हाच समाज एवढा गंभीर का होतो, हा प्रश्न आम्हांस पडतो.

प्रश्नाला निमित्त आहे ते घरोघरच्या एका तक्रारीचे. मुले इंग्रज चेटकिणींच्या आणि जादूगारांच्या गोष्टी वाचतात, आपले काही वाचत नाहीत, असे पालक म्हणतात. १९९७ साली इंग्लंडात अवतरलेला हॅरी पॉटर पुढे मराठीतही आला आणि पेण-रोह्याच्या घरांपर्यंत पोहोचला. त्यावर आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले, ही परकी जादू मुलांच्या मनावर वाईट परिणाम करते. हे उत्तर मुळात अमेरिकेतील काही चर्चप्रणीत गटांचे आहे. ज्यांच्या घरात घटोत्कचाची माया आणि वेताळाची पंचविशी नांदते त्यांनी ते उसने घेण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर अभिमानाचे: हे सारे मुळात आमचेच.

या दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत उतरले आणि मजल दरमजल करीत १५७० साली इंग्रजीत पोहोचले. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. आया आणि हिंदू सेवक त्याला गोष्टी सांगत. आई-वडिलांशी इंग्रजी बोलताना आपण मनातल्या देशी भाषेतून भाषांतर करीत असू, असे त्याने आत्मचरित्रात नोंदविले आहे. १८९४ च्या ‘जंगल बुक’मधील बल्लू, बघीरा, शेरखान ही नावे कोणत्या मातीतली आहेत ते सांगावयास नको. त्याच्या ग्रंथांवर अनेक वर्षे हत्तीचे मस्तक आणि स्वस्तिक यांची मुद्रा असे. जर्मनीत नाझींचा उदय झाल्यावर त्यानेच ते स्वस्तिक काढविले. हाच गृहस्थ साम्राज्याचा कट्टर भाट होता आणि जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर डायरसाठी उभारलेल्या निधीला त्याने पैसे दिले, हेही विसरता येत नाही. परंतु ज्याने आपल्याला हीन लेखले त्याला आपल्या अरण्यात विश्वसाहित्य दिसले आणि आपल्याला तेथे केवळ सहलीची जागा दिसली, ही बोच अभिमानाने शमणारी नाही.

इंग्रजांचे खरे सामर्थ्य कोठे आहे? त्यांनी आपल्या परसातले जीव घेतले. केनेथ ग्रॅहॅम हा बँक ऑफ इंग्लंडचा सचिव. त्याने मुलाला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून १९०८ साली एक पुस्तक आकारास आले. त्यात नदीकाठचा उंदीर आहे, चिचुंदरीसारखा मोल आहे आणि मोटार चोरून तुरुंगात जाणारा एक बढाईखोर भेक आहे. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला बेडकाच्या फजितीत वेळ घालविणे कमीपणाचे वाटले नाही. (रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले. तेव्हा बँकेच्या खुर्चीवर रसिकता बसत नाही असे मुळीच नाही!) बिअॅट्रिक्स पॉटरबाईंनी १९०२ मध्ये एका व्रात्य सशाची कथा प्रसिद्ध केली. पुढे पुस्तकांच्या उत्पन्नातून त्या सरोवरप्रदेशातील शेते विकत घेत गेल्या आणि १९४३ मध्ये निधन पावताना चार हजारांहून अधिक एकर भूमी राष्ट्रीय न्यासाला देऊन गेल्या. सशाच्या गोष्टीने डोंगर राखले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

आता आपले परस पाहू. मुरुड, अलिबाग आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाडचे अरण्य एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू तेथे झाडावरून झाडावर झेपावतो. आमच्या मुलांना इंग्रजी पुस्तकातला काटेरी हेजहॉग चित्रावरून ओळखता येतो. दीड-दोन तासांच्या अंतरावरचा शेकरू मात्र सामान्यज्ञानाच्या एका गुणापुरता उरतो. त्याला कोणी खोडकर, कोणी चिंगूस, कोणी फुशारकी मारणारा केलेला मुलांच्या कानी पडत नाही.

याचा दोष केवळ मुलांच्या माथी मारता येणार नाही, आणि केवळ इंग्रजी माध्यमाच्याही नाही. आपण मुलांना गोष्ट देतो ती औषधाच्या पुडीसारखी. संस्कार व्हावेत ही तळमळ प्रामाणिक आहे. पण शेवटच्या ओळीतील तात्पर्य आधी लिहून मग त्यावर ससा आणि कासव चिकटविलेले मुलाला तत्काळ कळते. आपल्या पूर्वजांना हा हव्यास नव्हता. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात कपटी दमनक सिंहाकडून निरपराध संजीवकाचा वध करवितो आणि अखेर मंत्रिपदावर सुखेनैव राहतो. विष्णुशर्म्याने त्याला शिक्षा दिली नाही. राजपुत्रांना जग जसे आहे तसे दाखवावे, एवढा त्याचा विश्वास होता. उपदेशाचा हा ज्वर आता खुद्द इंग्लंडलाही चढला आहे. २०२३ मध्ये रोआल्ड डालच्या पुस्तकांतील बोचरे शब्द प्रकाशकाने सौम्य केले, गदारोळ उठला आणि मूळ आवृत्त्याही छापत राहण्याचे त्याला जाहीर करावे लागले.

मराठीला ही वाट अपरिचित नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उपदेश करीत बसला नाही. विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’मध्ये प्राण्यांना मनसोक्त खुळेपणा करू दिला. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण २०१८ मध्ये नव्या संचात रंगमंचावर आली तेव्हा नाट्यगृहे चिमुरड्यांनी भरून वाहिली. मागणी नाही, ही सबब तेथेच संपते. संपत नाही ती आपली कंजुषी. वाढदिवसाला हजार रुपयांचा केक आणणारे घर मराठी बालपुस्तकाची शंभर रुपयांची किंमत उलटून पाहते.

पेण आणि रोहा येथील गणेशोत्सव मंडळांनी यंदा एक करून पाहावे. रांगोळी आणि पाठांतर यांच्या जोडीला मुलांची कथास्पर्धा ठेवावी. प्राणी याच दोन तालुक्यांतला हवा: शेकरू, खवल्या मांजर, मिठागरावरचा बगळा, कुंडलिकेतला खेकडा, कोणीही चालेल. जादू हवी तेवढी असू द्यावी. बक्षीस म्हणून पेला देण्याऐवजी मराठी पुस्तके द्यावीत, आणि निवडक कथा गावच्या वाचनालयाने जिल्ह्यातल्याच एखाद्या चित्रकाराकडून चित्रे काढवून छापाव्यात. परीक्षकांना सूचना एकच: गोष्टीखाली तात्पर्य लिहिलेले आढळल्यास दोन गुण कापावेत.