डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हे

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकावे का, असे बरेच जण आम्हाला विचारतात. जरूर टाका, पण घाईने नको.

कॉम्प्युटर विकणारा आपल्याला सांगतो, "सी उडाला तरी चालेल, तुमचं सगळं डी मध्ये ठेवा." हा सल्ला विंडोज पुन्हा टाकण्यापुरताच खरा. सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, एका खोलीत मध्ये पडदा लावावा तसे. उबुंटूच्या इन्स्टॉलरमधला 'इरेज डिस्क' हा पर्याय पडदा पाहत नाही, सगळी खोली रिकामी करतो.

आमच्या घरीच हे घडले. आपाच्या निकाहचे फोटो आणि अब्बांनी स्कॅन केलेले जमिनीचे कागद डी मध्ये होते. भाचा म्हणाला, "मामू, विंडोज काढतो, डी तसाच राहील." विंडोज काढायचे म्हणून त्याने 'इरेज' निवडले. सातबारा पुन्हा काढता आला. फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधून मिळाले तेवढेच.

भाच्याला रागावून काय उपयोग? आमच्या मते, न वाचता पुढे-पुढे दाबणाऱ्याचेही काही जाऊ नये, अशीच इन्स्टॉलरची मांडणी हवी. कोऱ्या डिस्कवर 'इरेज' आधीच निवडलेले असले तर हरकत नाही. भरलेल्या डिस्कवर ते माणसाने स्वतः निवडावे.

विंडोज सापडले की उबुंटू 'इन्स्टॉल अलाँगसाइड' असा पर्याय देते. त्यात विंडोजचा भाग आकसून बाजूला जागा केली जाते. नवख्याने तोच घ्यावा. बिटलॉकर चालू असेल तर मात्र इन्स्टॉलर अडू शकतो, आणि कंटाळून लोक 'इरेज' दाबतात. तसे करू नका. बाहेर पडा, विंडोजमध्ये बिटलॉकर बंद करा, मग परत या.

तिथे सी-डी ही नावे दिसत नाहीत, म्हणून कोणता भाग किती जीबीचा ते आधी कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या पानावर काय पुसले जाणार याची यादी येते. तिथे होकार देईपर्यंत मागे फिरता येते. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये मात्र 'डिलीट' करून होकार दिला की तो भाग तिथल्या तिथे जातो.

सुरुवात करण्यापूर्वी बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्याची कॉपी घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर इन्स्टॉलरच्या यादीत तीही दिसते.