आधी बारीक व्हा, मग पळा?

जाड माणसाने पळू नये, आधी वीस किलो उतरवावे आणि मग बूट घ्यावेत, असे एका वक्त्याने साताऱ्यात भर सभेत सांगितले आणि सभेने माना डोलावल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गुडघा टायरसारखा असतो, भार आणि किलोमीटर वाढले की झीज वाढते; पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट आघात बसतो; पळणे हे माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरसारख्या काटक देहांचे काम; बाकीच्यांनी रोज अजिंक्यतारा किल्ला चढावा-उतरावा, जेवण कमी करावे आणि गप्प बसावे. शेवटचे दोन शब्द माझे, पण सूर त्यांचाच होता.

ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. त्या शर्यतीत अडथळे असतात, पाण्याचा खड्डा असतो. मैदानाला दोन फेऱ्या मारू पाहणाऱ्या ९५ किलोच्या कॅशियरला तो खड्डा ओलांडायला कुणी सांगितलेले नाही. हा मुद्दा इथेच संपला.

माझा खरा राग आहे तो टायरवर. टायर निर्जीव असतो, त्याचे रबर गेले की गेले. गुडघ्यातली कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवावर तिचे पोषण होते. भार पडला की ती दाबली जाते, भार हटला की द्रव शोषून घेते. म्हणजे ज्या हालचालीला वक्ते झीज म्हणतात, तीच तिची जेवायची वेळ. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण साधारण ३.५ टक्के निघाले, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, तर स्पर्धेसाठी जिवाच्या आकांताने पळणाऱ्यांत १३.३. वक्ते यातला शेवटचा आकडा तेवढा सांगतील. हौशी मंडळी मुळातच हलकी असतील, ही शंका रास्त आहे. म्हणून या आकड्यांनी जाड माणसाला अभय मिळत नाही, हे कबूल. पण ज्याचे किलोमीटर जास्त त्याची झीज जास्त, हा नियम मात्र हौशी धावकापाशीच पंक्चर होतो.

आता आघाताचे गणित. कृत्रिम गुडघ्यात मापनयंत्र बसवून आतला भार मोजलेला आहे. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरतो, खुर्चीतून उठताना जवळपास तेवढाच, आणि जिना उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. म्हणजे ज्याला पळू नका म्हणून सांगितले, तो बिचारा दुसऱ्या मजल्यावरून खाली येतानाच गुन्हा करून बसला. पळताना आतला भार याहून बराच वाढतो, खरे आहे. पण पाऊल टेकते ते क्षणभर, आणि ढांगही लांब पडते. त्यामुळे एक किलोमीटर चाला किंवा पळा, तेवढ्या अंतरात गुडघ्याने सोसलेला एकूण भार जवळपास सारखाच येतो. वक्त्यांनी चालायला सांगितले ते झीज टाळण्यासाठी. हिशेब त्यांनी पुन्हा मांडावा.

आणि अजिंक्यतारा! चढताना गुडघ्याला कष्ट होतात, पण त्याचा खरा कस लागतो तो उतरताना. पळण्याची भीती साताऱ्यात पसरली तीही घाटामुळेच, असे मला वाटते. २०१२ पासून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. २१ किलोमीटर, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. २०१५ मध्ये २,६१८ जणांनी ती धावून गिनीज बुकात नोंद केली. तेव्हापासून पळणे म्हणजे घाट, असे समीकरण झाले आहे. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी लंगडणारा शेजारी दिसला की लोक पळण्याला नावे ठेवतात, उताराला कुणी काही म्हणत नाही.

हा वाद आमच्याकडे नवा नाही. बैठकांनी गुडघे जातात, असे मागे तालमींबद्दलही बोलले गेले. तेव्हा बोलणाऱ्यांच्या बैठका सुटल्या, गुडघेदुखी मात्र शाबूत राहिली. शंभर-सव्वाशे किलोचे मल्ल मेहनत करायचे ती हळद, ताक, तेल घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौदात. वजनदार माणसाने कुठे आणि कशी मेहनत करावी, हे त्या हौदाला या सभेपेक्षा जास्त कळत होते.

लोक हसतील? हसू देत. बूट महाग आहेत? गुडघ्याचे ऑपरेशन त्याहून महाग आहे.

मग करायचे काय? वजन उतरलेले चांगलेच. एक किलो कमी झाला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. भांडण फक्त क्रमाचे आहे. पहिले काही आठवडे पळूच नका. हात न टेकता खुर्चीतून उठबस करा, टाचा उचला, मांडीचे स्नायू कमवा. पाण्यात चाला: कमरेएवढ्या पाण्यात वजन निम्म्यावर येते, छातीएवढ्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. सांगलीकर पिढ्यान्‌पिढ्या कृष्णेत पोहायला शिकले. हल्ली मगरींच्या बातम्या वाचून मी पोहण्याचा तलावच सुचवीन. सांगली-मिरजेच्या सपाटीवर सायकल उत्तम. सातारकरांनी यवतेश्वर चालत चढावे आणि खाली येताना खुशाल वडापच्या जीपमध्ये बसावे. मग मातीच्या मैदानावर एक मिनिट पळा, तीन मिनिटे चाला, तेही दिवसाआड. ढांगा छोट्या टाका आणि वेग इतकाच ठेवा की बोलता येईल.

गुडघा सुजला, मध्येच अडकू लागला किंवा दुसऱ्या सकाळीही दुखत राहिला, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. चाळिशी उलटली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर गुडघ्याआधी हृदय तपासून घ्या, आणि मगच बुटांच्या दुकानात जा.