कृपा आणि पुरुषार्थ : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेवरील दोन आक्षेप

पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) ख्रिस्तश्रद्धेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, विपत्तीने खचलेल्या मनाने शोधलेला तो केवळ आसरा होता. दुसरा तत्त्वाचा आहे : तारण देवाच्या कृपेने मिळते असे मानले की माणसाचा पुरुषार्थ संपतो.

पहिला आक्षेप कालक्रमापुढे टिकत नाही. आईवडील आणि थोरली बहीण 1874च्या सुमारास दुष्काळात गेली, 1880मध्ये भाऊ आणि 1882मध्ये पतीही गेले. व्रते, तीर्थयात्रा आणि दानधर्म यांत कुटुंबाने सर्वस्व वेचले होते. त्यावरचा रमाबाईंचा विश्वास या वर्षांत उडाला. म्हणजे विपत्तीने प्रथम श्रद्धा दिली नाही, हिरावून घेतली. वैधव्यानंतरही त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज उभा केला. पुढे इंग्लंडात, फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या आणि या करुणेचे मूळ विचारले. उत्तरादाखल त्यांना बायबलमधील, ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. पात्रता न पाहता जवळ करणारा ख्रिस्त त्यांना तेथे दिसला. सप्टेंबर 1883मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दुसरा आक्षेप जुना आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित करून खोडला आहे. रमाबाईंचे चरित्र या खंडनाला पुष्टी देते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे विद्वत्ता, सुधारणाकार्य, 1889मध्ये विधवांसाठी काढलेले शारदा सदन हे सारे असूनही मन अशांत होते. ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांना 1891च्या सुमारास उमगले. आत्मसुधारणेची मर्यादा येथेच आहे. तिच्यात सुधारणारा माणूसही तोच आणि सुधारायचाही तोच. यशाने अहंकार वाढतो, अपयशाने निराशा. कृपा दोहोंचे मूळ तोडते, कारण स्वीकार आधी झालेला असतो आणि तो मिळवावा लागत नाही.

ही कृपा उमगल्यानंतर रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या; केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. बायबलचे सुबोध मराठी भाषांतर त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले. इफिसकरांस पत्रातील क्रमही हाच आहे : तारण कृपेने, आणि सत्कर्मे त्या तारणाचे फळ. कृपा पुरुषार्थ संपवत नाही. स्वतःला सिद्ध करण्याच्या ओझ्यातून त्याला सोडवते आणि दुसऱ्याच्या सेवेसाठी मोकळे करते.